विझर्ड्रीचा नकाशा हातानेच काढावा का?

धरमपेठकर (प्रश्न)

नागपूरच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडणे शक्य नसल्याने कूलरसमोर बसून मी ॲपल टू संगणकावरचा १९८१ सालचा ‘विझर्ड्री’ हा भुयारात फिरून लढण्याचा खेळ इम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळू लागलो आहे. भुयाराचा प्रत्येक मजला २० बाय २० चौकोनांचा असल्यामुळे ग्राफ पेपरवर नकाशा काढणे सोपे जाईल असे वाटले होते आणि वरच्या मजल्यावर ते खरेही ठरले. आता मात्र खाली उतरल्यावर, सरळ उत्तरेकडे गेलो असे समजून आखलेला बोळ आधी काढलेल्या खोलीला मधोमध छेदून जातो. मोजणीत माझे चुकते आहे का? आणि तयार नकाशा वापरला तर खेळातले काय हरवेल?

महालकर

मोजणी बहुधा बरोबर असावी. या भुयारात काही चौकोन असे आहेत की त्यांवर पाय पडताच आपली तुकडी, म्हणजे खेळातली आपली पात्रे, कोणतीही सूचना न मिळता दुसऱ्या दिशेकडे वळते, आणि पडद्यावरच्या रेघांच्या भिंती सगळीकडे सारख्याच दिसत असल्याने ते लक्षात येत नाही. काही चौकोन तर दुसऱ्याच जागी नेऊन सोडतात. यावर उपाय म्हणजे ‘डुमापिक’ हा जादूगाराचा पहिल्या पातळीचा मंत्र. किल्ल्याकडे जाणाऱ्या जिन्यापासून आपण किती पूर्वेला, किती उत्तरेला आणि किती मजले खाली आहोत, शिवाय तोंड कोणत्या दिशेला आहे, हे तो सांगतो. संशयित चौकोनाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तो म्हणावा. मात्र शत्रूला झोपवणारा ‘कटिनो’ही त्याच पातळीचा आहे आणि एका पातळीचे मंत्र जास्तीत जास्त ९ वेळाच म्हणता येतात, म्हणून परतीच्या लढायांसाठी निम्मे तरी राखून ठेवावेत.

तयार नकाशा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळाचे निर्माते ग्रीनबर्ग आणि वुडहेड यांनी हे भुयार कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यासाठीच रचले. दिशाभूल करणारे चौकोन काढून टाकले, तर उरतात त्या केवळ लढाया.

सीताबर्डीचा जुना विद्यार्थी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या संगणक वर्गात, तास संपल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात, आम्ही ‘रोग’ (Rogue) हा भुयाराचाच दुसरा खेळ खेळत असू. तिथे नकाशा संगणक स्वतःच अक्षरांनी काढत जातो, पण दर खेपेस भुयार नव्याने रचले जात असल्याने तो पुढच्या डावात उपयोगी पडत नाही. विझर्ड्रीचे भुयार कायम तेच राहते, त्यामुळे तुकडी मारली गेली तरी कागदावरचे ज्ञान शिल्लक राहते. शिवाय मेलेल्यांचे देह भुयारातच पडून असतात आणि नवी तुकडी नेऊन ते परत आणता येतात. आपल्याच जुन्या नकाशावरून सोबत्यांना शोधत जाण्याचा तो अनुभव मला या खेळातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यासाठी इम्युलेटरमध्ये मधली स्थिती साठवण्याची सोयही वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

धरमपेठकर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री डुमापिक म्हणून पाहिला. बोळ उत्तरेकडे नव्हे, तर चौरस्त्यापासून पूर्वेकडे गेला होता. तो चौकोन लाल पेन्सिलीने रंगवला आहे आणि पुढचा सगळा भाग खोडून पुन्हा काढायला घेतला आहे.