'समावेशन' शब्द फॅक्टरीत का चालत नाही? (आणि इक्विटीला मराठीत काय म्हणायचं?)

अनुवादिनी:
तळेगावकडच्या एका खाजगी कंपनीचं काम आलंय. तोफगोळ्यांचे सुटे भाग बनवतात, मूळ कंपनी अमेरिकेतली. त्यांचं डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लूजनचं धोरण (म्हणजे वेगवेगळ्या लोकांना घ्यायचं, ज्याची जशी गरज तसं न्यायाने वागायचं आणि सगळ्यांना आपल्यात धरायचं) मराठीत हवंय. ऑफिससाठी नाही, शॉप फ्लोअरवर लावायला आणि पाळी सुरू होताना सुपरवायझरने वाचून दाखवायला. मी 'विविधता, समता आणि समावेशन' करून टाकलं. सवयीप्रमाणे एकदा आमच्या काकांना वाचायला दिलं, ते आयुध निर्माणीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "समावेशन काढ. माझ्या फॅक्टरीत हा बोर्ड लावला असता तर जेवणाच्या सुट्टीआधी युनियन गेटवर आली असती." पुढे काही सांगेनात, नुसते हसत बसले. यात वावगं काय आहे? आणि इक्विटीला 'समता' चालेल की 'समानता'?

खडकीचा भोंगा:
काका बरोबर बोलले. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माण्या चालवणारा ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ फॅक्टऱ्यांच्या ७ सरकारी कंपन्या केल्या. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, चांदा या म्युनिशन्स इंडियात गेल्या; अंबाझरी, भुसावळ यंत्र इंडियात. माणसं मात्र कंपनीची झाली नाहीत. केंद्र सरकारचे नोकर, कंपनीत 'मानीव प्रतिनियुक्ती'वर, म्हणजे कागदोपत्री उसने दिलेले. आधी २ वर्षं म्हणाले, मग मुदत वाढवत नेली. तेव्हापासून कँटीनमध्ये एकच विषय: कंपनी आपल्याला ॲब्सॉर्ब करणार का, म्हणजे कायमचं स्वतःच्या नोकरीत घेणार का, केलं तर पेन्शनचं काय, सरकारी दर्जाचं काय. आता ॲब्सॉर्प्शनला सरकारी मराठीत काय म्हणतात ते सांगा. समावेशन! "कंपनी समावेशनासाठी कटिबद्ध आहे" असा बोर्ड लावाल आणि वर विचाराल लोक का भडकले.

अनुवादिनी:
बाप रे. पण माझी कंपनी तर खाजगी आहे, तिथे प्रतिनियुक्तीवर कोणीच नाही.

खडकीचा भोंगा:
खाजगीवाले अनुभवी माणूस म्हणून कोणाला घेतात? आमच्यातल्याच रिटायर्ड लोकांना. बोर्ड वाचून दाखवणारा सुपरवायझर आमचाच निघेल, आणि 'समावेशन' वाचताना तोच अडखळेल.

शब्दकिडा:
यात शब्दाचा काय दोष? सम् + आ + विश्, आत शिरणं, आत घेणं. समावेश आपण रोज वापरतो, समावेशन हे त्याचं रीतसर क्रियावाचक रूप. प्रशासनाने एका अर्थाने वापरला म्हणून दुसऱ्याने वापरायचा नाही? मग 'रजा' शब्दही सोडा, मुसलमान शेजाऱ्याचं नाव असतं.
आता मूळ प्रश्न. 'समता' आणि 'समानता' या दोन्ही इक्वॉलिटीच्या बाजूच्या. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे, आणि चळवळीत 'समता' रुजली ती आंबेडकरांच्या समता सैनिक दलापासून. इक्विटीला कायद्याच्या मराठीत 'समन्याय' आहे, तोच घ्या.

ठेचा-भाकर (भंडारा):
समन्याय कोणाले समजन, भाऊ? पाळीत वाचून दाखवाचं हाय, कोर्टात नाही. आमच्याकडं 'रास्त' म्हणतेत. रास्त मागणी, रास्त भाव. लिहा 'रास्त वाटा', झालं.

अनुवादिनी:
'रास्त वाटा' मस्तच! फक्त रेशनच्या दुकानाची पाटी आठवते, 'रास्त भाव दुकान'.

ठेचा-भाकर (भंडारा):
तर काय झालं? रास्त भाव दुकानात बीपीएलवाल्याले एक दर होता, दुसऱ्याले दुसरा. ज्याची जशी गरज, तसा वाटा. हेच ना तुमचं इक्विटी?

शब्दकिडा:
'रास्त' फारसी आहे. संरक्षण खात्याच्या धोरणात तरी स्वभाषा असावी.

पोथीवाला:
शब्दकिडाजी, ज्यांच्यासाठी हे लिहिताय त्या 'कामगार'मधला 'गार' कुठला? 'कारखाना' कुठला? शिपाई, फौज, बंदूक, तोफ? 'दारूगोळा'तून फारसी काढलीत तर नुसता गोळा हातात राहील.

माईंची लेक:
तुम्ही सगळे वरच्या शब्दांवर भांडताय. फॅक्टरीत या तिन्हीला आधीपासून एक शब्द आहे: 'सवलत'.
माझी आई काडतुसांच्या कारखान्यात होती. वडील गेले आणि अनुकंपेवर लागली. तिला शेवटपर्यंत मागून 'अनुकंपावाली' म्हणायचे. एससीतून आलेला मुलगा 'कोट्यातला'. पायाने अधू असलेले एक काका होते, ते 'लाइट ड्यूटी'. माणूस तसा, म्हणजे त्याला नाव होतं, पण सेक्शनमध्ये तो 'लाइट ड्यूटी' म्हणूनच ओळखला जायचा. बायकांना रात्रपाळी नाही, ही सवलत. पाळणाघर आहे, ही सवलत. आई म्हणायची, पाळणाघर कायद्यात आहे, कुणी खिशातून दिलेलं नाही. पण बोलणारे बोलायचेच.
तिच्याकडे स्फोटकांच्या इमारतीत जाताना अंगावर धातू चालायचा नाही. बांगड्या, पिना, मंगळसूत्र, जोडवी, सगळं बाहेर. नायलॉनची साडी नाही, सुतीच. नियम सगळ्यांना सारखा होता. पुरुष घड्याळ आणि अंगठी काढून दोन मिनिटांत आत. बायकांना कपडे बदलायला खोलीच नव्हती, मग आडोसा होता. आईने अर्ज दिला तेव्हा साहेब म्हणाले, "इथे सगळ्यांना समान नियम आहे." माझ्या मते समानता आणि इक्विटी यांतला फरक एवढाच. आता त्याला तुम्ही समन्याय म्हणा नाहीतर रास्त.

अनुवादिनी:
ताई, हे सगळं धोरणात घालावंसं वाटतंय. खोली मिळाली का पुढे?

माईंची लेक:
मिळाली. तिच्या रिटायरमेंटनंतर.

खडकीचा भोंगा:
रात्रपाळीबद्दल थोडं वेगळं बोलतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात बाईला संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला बंदी होती, राज्याने सूट दिली तर वेळ थोडी ढकलता यायची. याला कायद्यात 'संरक्षण' समजत. गंमत बघा, संरक्षण उद्योगात बाईला संरक्षण दिलं, आणि नाइट भत्ता अन् रात्रीचा ओव्हरटाइम पुरुषांच्या पाकिटात गेला. नव्या श्रम संहितेत तिची संमती असेल तर रात्रपाळी देता येते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तेव्हा 'सवलत' कोणाला होती हेही एकदा मोजा.

शब्दकिडा:
मुद्दा मान्य, पण 'संरक्षण' हा शब्दही भोंगळच. डिफेन्सला 'प्रतिरक्षा' म्हटलं असतं तर ही कोटी करता आली नसती.

खडकीचा भोंगा:
कोटी करता येते म्हणूनच संरक्षण टिकलं.

पोथीवाला:
विविधतेचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं उदाहरण द्यायला हवं. शिवकाळात गडावर तीन अधिकारी: हवालदार, सबनीस, कारखानीस. शिबंदी हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, रसद नि सामानसुमान कारखानीसाकडे. आणि रीत अशी की हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. शिवाय पायथ्याच्या मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्यांवर, रामोशी, महार, बेरड. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं डायव्हर्सिटी धोरण! अमेरिकेकडून कसले शब्द आयात करता?

माईंची लेक:
पोथीवाले, ती विविधता होती, इन्क्लूजन नव्हतं. तिघे एकमेकांवर नजर ठेवतील, गड फितुरीने जाणार नाही, हा हिशोब. रामोशी, महार मेटावरच राहिले, सबनीस झाले का? आणि पुढे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरतीच बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या माजी सैनिकांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. हेही पोथीत लिहा.

पोथीवाला:
लिहिलेलंच आहे. मी फक्त कारखानीस शब्दाबद्दल बोलत होतो.

माईंची लेक:
नाही, तुम्ही धोरणाबद्दल बोलत होता.

सातासमुद्रापार:
बे एरियातून लिहितोय. १९४१ निघालं म्हणून सांगतो. अमेरिकेत ही गोष्ट सुरूच संरक्षण उद्योगातून झाली. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना झाडू मारण्यापलीकडे काम मिळत नव्हतं, म्हणून फिलिप रँडॉल्फ या कामगार नेत्याने वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. रूझवेल्टने २५ जून १९४१ ला आदेश ८८०२ काढून संरक्षण उद्योगातल्या नोकऱ्यांत भेदभावाला बंदी घातली, मोर्चा रद्द झाला. १९६५ मध्ये जॉन्सनने सगळ्या सरकारी कंत्राटदारांसाठी आदेश ११२४६ आणला. ट्रम्पने २१ जानेवारी २०२५ ला तोच रद्द केला, शिवाय कंत्राटदारांनी 'आम्ही बेकायदा डीईआय (डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन) कार्यक्रम चालवत नाही' असं लिहून द्यायचं. त्यामुळे अनुवादिनी, तुमच्या कंपनीची मूळ फाइल आधी तपासा. इकडे कंपन्यांच्या वेबसाइटवरून इक्विटी शब्द रातोरात गेलाय.

अनुवादिनी:
तपासली, म्हणजे विचारलं. उत्तर आलं: नवीन मसुदा पाठवतो, शीर्षक आता नुसतं 'सर्वांसाठी संधी'. मजकूर जवळपास तोच. म्हणजे इक्विटीचा प्रश्न माझ्यापुरता संपला, पण मला शब्द हवाच आहे.

ठेचा-भाकर (भंडारा):
पाहा, साहेबानंच सोपं मराठी केलं.

खडकीचा भोंगा:
बरं झालं. 'इक्विटी' तसंच ठेवलं असतं तर आणखी वांधे. आमच्यात इक्विटी म्हणजे शेअर. 'समभाग' म्हणाल तर पुन्हा शेअरच. खाजगीकरणाची भीती ज्यांच्या मनात आहे त्यांना 'कंपनीत इक्विटी आणणार' असं वाचून दाखवा, मग बघा.

शब्दकिडा:
'अपंग' शब्द धोरणात असेल तर तो तसाच ठेवा, 'दिव्यांग' नको. अंगात दिव्य काय आहे? गौरव करून प्रश्न झाकायचा प्रकार.

ठेचा-भाकर (भंडारा):
आता राज्याचा विभागच दिव्यांग कल्याण विभाग हाय. फॉर्मवर तेच लिहा लागते.

माईंची लेक:
२०१६ च्या कायद्याने केंद्राच्या नोकऱ्यांत त्यांना ४ टक्के आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ३ होते. आमच्या 'लाइट ड्यूटी' काकांना अपंग की दिव्यांग असं कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आधी जिन्याला कठडा बसवा.

सातासमुद्रापार:
माझा एक जुना राग. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या टेसी थॉमस अग्नी-४ क्षेपणास्त्राच्या प्रकल्प संचालक होत्या, मराठी पेपर त्यांना 'अग्निपुत्री' म्हणतात. कलाम 'मिसाइल मॅन' झाले, या मात्र मुलगीच राहिल्या.

पोथीवाला:
मग काय म्हणायचं? 'मिसाइल वुमन'ही आहे की पेपरात. मराठीत 'क्षेपणास्त्रीण'?

खडकीचा भोंगा:
हसू नका, हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे चार्जमन हे सुपरवायझरचं पद आहे, आणि त्यावर बायकाही आहेत. ऑर्डरमध्ये 'चार्जमन श्रीमती अमुक', सेक्शनमध्ये 'चार्जमन मॅडम'. 'मन' आणि 'मॅडम' शेजारी शेजारी, कुणाला काही वाटत नाही.

शब्दकिडा:
'-ईण' लावा. मास्तरीण, वाघीण, चार्जमनीण.

माईंची लेक:
पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. सुभेदारीण म्हणजे सुभेदाराची बायको. चार्जमनीण म्हटलं की लोक विचारणार, साहेब कुठल्या सेक्शनला आहेत?

शब्दकिडा:
मास्तरीण स्वतः शिकवते. तेव्हा प्रत्यय निर्दोष आहे.

ठेचा-भाकर (भंडारा):
आमच्या गावात मास्तराच्या बायकोलेही मास्तरीणच म्हणतेत. तिनं कधी खडू हातात घेतला नाही.

पोथीवाला:
मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो. थांबा.

अनुवादिनी:
मोल्सवर्थ काढाल तेव्हा 'रास्त'ही बघा प्लीज. आणि उद्या संध्याकाळपर्यंत फाइल द्यायची आहे, 'इन्क्लूजन' अजून मजकुरात सात ठिकाणी तसंच पडलंय. 'सामावून घेणे' लिहिलं तर?

खडकीचा भोंगा:
'सामावून घेणे' म्हणजेच ॲब्सॉर्ब, ताई!