प्रशिक्षण 'आगार' की 'डेपो'? आणि सैनिक 'स्वयंसेवक' असतो का?

तळटीपवाली
मंडळी, घोडं अडलंय. एका दिवाळी अंकासाठी लेख मराठीत आणतेय, विषय ब्रिटिश सैन्यातल्या गुरख्यांच्या प्रशिक्षण डेपोचा इतिहास. मी 'परदेशी स्वयंसेवक सैनिकांचे प्रशिक्षण आगार' असं लिहून मोकळी झाले. संपादकबाईंनी 'आगार'खाली पेन्सिलीने रेघ मारून शेजारी लिहिलंय, 'इथून स्वारगेटची गाडी कितीला?' आणि 'स्वयंसेवक'खाली, 'गणपतीतले?'

संदर्भ सांगते. १९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. सहा भारताकडे राहिल्या. २, ६, ७ आणि १० या चार ब्रिटिशांकडे गेल्या आणि मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, पोचल्या. १९४८च्या जूनमध्ये तिथे कम्युनिस्टांशी झुंज सुरू झाली. पलटणी जंगलात, मग नेपाळातून येणाऱ्या नव्या पोरांना शिकवायचं कुठे? म्हणून १९५१मध्ये केडाह राज्यात सुंगाई पेटानीला सगळ्या रेजिमेंटांचा मिळून एक डेपो उभा राहिला. १९७१मध्ये तो हाँगकाँगला हलला, १९९४ला तिथला गाशा गुंडाळला. आता ही पोरं यॉर्कशरमध्ये कॅटरिकला शिकतात. तर मला या जागेसाठी एक धड मराठी शब्द हवाय.

पोफळीखालून
आमच्याकडे गुहागरला आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. 'सैनिकांचे आगार' वाचून डोळ्यांपुढे पाटाच्या पाण्यात उभे केलेले सैनिक आले.

जोडाक्षर
आगर वेगळं, आगार वेगळं. आगार संस्कृत, अर्थ घर: कारागार, शस्त्रागार. आगर 'आकर'वरून, म्हणजे खाण किंवा साठा. मिठागर, गुणांचा आगर. एसटीवाल्यांनी आगार घेतलं ते बरोबरच आहे, गाड्यांचं घर. पण माणसं शिकतात त्या जागेला आगार म्हणता येणार नाही. माणूस हा साठवायचा जिन्नस नव्हे.

वखारवाला
काका, सैन्याच्या हिशेबी तो साठवायचाच जिन्नस आहे. डेपो मूळचा फ्रेंच, आणि डिपॉझिट त्याच घरातलं. पलटण मोहिमेवर निघाली की मागे राहायचा तो डेपो. नवी भरती, बूट, कपडे, आजारी, सगळं तिथेच. मागणी आली की तिथून माणसं पुढे धाडायची. आमच्या लाकडाच्या डेपोत याहून वेगळं काय चालतं? आणि मराठीत डेपो कधीच रुळलाय. कचरा डेपोला कुणी 'अवकर आगार' म्हणतं का?

सुभेदाराची लेक
आमच्या घरात तीन पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत. वडील नेहमी 'सेंटर' म्हणायचे. 'सेंटरला होतो तेव्हा', म्हणजे बेळगाव. आजोबा मात्र 'डिपू' म्हणायचे. त्यांच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात १०/५ असं लिहिलेलं होतं. लहानपणी मला वाटायचं, आजोबांना पाचपैकी दहा मार्क पडले. नंतर कळलं, ती बेळगावची ट्रेनिंग बटालियन, पाचव्या मराठा रेजिमेंटची दहावी. नव्या पोराला दोघंही 'रंगरूट'च म्हणायचे. प्रशिक्षणार्थी हा शब्द आमच्या घरात आयटीआयच्या मुलांसाठी होता.

स्वभाषा
डिपू, सेंटर, रंगरूट! रंगरूट म्हणजे इंग्रजी रिक्रूटची मोडतोड, हे तरी ठाऊक आहे ना? 'शिक्षणतळ' आणि 'स्वेच्छासैनिक' काय वाईट आहेत? पहिल्यांदा महापौर म्हटल्यावरही लोक हसलेच असतील.

वखारवाला
महापौर निवडून येतो. स्वेच्छासैनिक वाचून वाचक स्वेच्छेने पान उलटेल.

रोखठोक
मुळात स्वेच्छा कसली? पैशासाठी दुसऱ्या देशाच्या सैन्यात जातो त्याला मराठीत शब्द आहे: भाडोत्री. तो लिहा.

तळटीपवाली
तो नाही चालणार. १९४७च्या ब्रिटन, भारत आणि नेपाळ यांच्या त्रिपक्षीय करारात नेपाळने हाच मुद्दा लावून धरला होता. गुरख्यांना त्या-त्या सैन्यातल्या इतर पलटणींसारखंच वागवा, भाडोत्रीपणाचा डाग कायमचा पुसा. आणि १९७७च्या जिनिव्हा पुरवणी कराराप्रमाणे युद्धात उतरलेल्या देशाच्या सैन्याचा जो रीतसर सदस्य आहे, तो भाडोत्री ठरत नाही.

रोखठोक
करार वकिलांसाठी असतात. त्याच करारानं त्यांचा मूळ पगार भारतीय सैन्याच्या दरांना बांधला. तेव्हा लढायचं ब्रिटनच्या राजासाठी, पगाराचा हिशेब दिल्लीचा. मग भाडोत्री नाही तर काय, कंत्राटी?

चाळकरी
आमच्या गिरगावात भाडोत्री म्हणजे भाडेकरू. चाळीत पन्नास भाडोत्री होते, एकानेही कधी बंदूक उचलली नाही. घरमालकाविरुद्धसुद्धा.

दफ्तरी
परक्या पद्धतीच्या शिपायांसाठी आपल्याकडे अस्सल शब्द होते. महादजी शिंद्यांच्या पदरी दबॉयन होता. सॅव्हॉयचा माणूस, स्वतः आधी फ्रेंचांच्या आयरिश पलटणीत नोकरी केलेला. त्याने कवायती फौज उभी केली तिला मराठी कागदांत 'कंपू' म्हणतात. त्याआधी गारदी. पानिपतावर इब्राहिमखानाचे होते ते. पुढे याच शब्दांचं काय झालं पाहा. १७७३मध्ये नारायणरावाचा खून झाल्यावर गारदी म्हणजे मारेकरी. कंपू म्हणजे आता चहाच्या टपरीवरचं टोळकं. पठाण म्हणजे व्याजाने पैसे देणारा. आणि गुरखा म्हणजे रात्री शिट्टी वाजवणारा. परका शिपाई मराठीत आला की त्याला बढती कधी मिळालेली नाही.

जोडाक्षर
गारदी फ्रेंच 'गार्द'वरून. गर्दी त्यावरूनच आली असणार. भाऊगर्दी आठवा.

दफ्तरी
गर्दी फारसी आहे. आणि गारदी 'गरबी' म्हणजे पश्चिमेकडचा, असंही मानणारे आहेत.

जोडाक्षर
मानणारे मानोत.

डोंबिवली फास्ट
शिट्टीवरून आठवलं. आमच्या सोसायटीत अठरा वर्षं एक 'गुरखा' होता. दर महिन्याच्या पाच तारखेला वही घेऊन यायचा, वीस रुपये, सही. वहीला प्लास्टिकच्या पिशवीचं कव्हर. एकदा मी विचारलं, पलटणीत का नाही गेलात? तर म्हणाला, साहेब, मी डोटीचा, नेपाळच्या पश्चिम टोकाचा. आमच्याकडचे पलटणीत कमी, मुंबईत जास्त. पलटणीत जातात ते मगर, गुरुंग, राई, लिंबू. तुम्ही सगळ्यांनाच गुरखा म्हणता. मी खजील होऊन त्या महिन्यात पन्नास दिले, तर त्याने वहीत वीसच लिहिले आणि तीस परत केले.

पोफळीखालून
गुरखा आणि गुराखी एकच ना? दोघांचं काम राखणीचं, दोघांच्या हातात काठी.

जोडाक्षर
एकच! गोरक्ष.

दफ्तरी
नाही हो. गोरखा हे काठमांडूच्या पश्चिमेकडचं गाव आणि राज्य. तिथल्या पृथ्वीनारायण शहाने १७६८मध्ये काठमांडू घेतलं. गावाच्या नावामागे गोरखनाथ असेल, पण सैनिक त्या राज्यावरून गोरखा झाला, गाईंवरून नाही. भारतीय सैन्य आज 'गोरखा'च लिहितं. तेव्हा ताई, तुमच्या लेखात आधी 'गुरखा' बदला, डेपोचं नंतर बघू.

तळटीपवाली
पण ब्रिटिश स्वतः अजून गुर्खा म्हणतात, आणि माझा लेख त्यांच्याच डेपोवर आहे. मग काय करू?

सुभेदाराची लेक
नेपाळात त्यांना काय म्हणतात?

तळटीपवाली
लाहुरे. पूर्वी रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचे त्यावरून. नंतर मलायाला गेलेलाही लाहुरेच, आणि आता यॉर्कशरला जाणाराही. निवडीच्या वेळी पाठीवर डोको, म्हणजे बांबूची टोपली, तिच्यात पंचवीस किलो वाळू, पट्टा कपाळाला, आणि डोंगर चढत पळायचं. मूळ लेखात डोकोचं एक अख्खं पान आहे.

पोफळीखालून
डोको! आमच्याकडे शेणाची पाटी डोक्यावर घेतात. डोको, डोकं...

जोडाक्षर
अर्थातच.

दफ्तरी
अर्थातच काय? पट्टा कपाळाला असला तरी टोपली पाठीवर आहे!

स्वभाषा
बांबूच्या टोपलीला मराठीत करंडा, हारा, पाटी, दुरडी असे चार शब्द असताना डोको कशाला? लेख मराठीत आहे ना?

सुभेदाराची लेक
हाऱ्यात कोंबड्या झाकतात.

चाळकरी
कोंबड्या डालग्याखाली झाकतात. हारा मोठा असतो, त्यात भाकऱ्या.

तळटीपवाली
गुरुवारी मजकूर द्यायचाय हो. आगार की डेपो, तेवढं सांगा.

चाळकरी
भाकऱ्यांचा हारा आमच्या आजोळी संगमनेरकडे. कोकणात काय म्हणतात, पोफळीखालून?