अनुभव धागा : पाचवी ते दहावी एकच तुकडी, आणि मधेच गेलेली मुलं

गॅलरीतली कुंडी
मंडळी, परवा लालबागला मावशीकडे गेले होते. येताना मुद्दाम शाळेवरून आले, तर गेटसमोर टेम्पो उभा आणि दोन माणसं बाक चढवतायत. तेच ते जुने, दोघादोघांचे, खाली दप्तराला फळी आणि वर पेन ठेवायला खाच. मराठी माध्यमाचे वर्ग तिथले एकेक करून बंद झाले, आता इमारत रिकामी करतायत म्हणे. हातात भाजीची पिशवी होती, ती जड होईपर्यंत उभी राहिले. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले.

आमची १९८४ ची बॅच. 'ब' तुकडी. जून ७८ ला पाचवीत आलो तेव्हा बासष्ट जण होतो. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो माझ्याकडे आहे, त्यात एकेचाळीस.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही आठवीत. निम्म्याहून जास्त जणांचे वडील गिरणीत. पहिले काही दिवस आम्हाला मजाच वाटली, बाबा घरी म्हणून. महिना-दोन महिन्यांत मिटेल असंच सगळे बोलायचे. अडीच लाख माणसं घरी बसलीयत याचा अर्थ तेरा वर्षाच्या पोरीला काय कळणार. मला फरक कळला तो भोंग्यामुळे. आमची दुपारची शाळा, साडेतीनचा भोंगा झाला की मोठी सुट्टी जवळ आली हे घड्याळ न बघता समजायचं. भोंगाच बंद झाला. वर्गात घड्याळ नव्हतंच, सगळे सारखे दारातून शिपाई दिसतो का बघायचे.

जूनमध्ये नववीचा वर्ग भरला तर चौदा जण नाहीत. मे महिन्यात गावाला गेलेले ते आलेच नाहीत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, कुणी नव्यानेच झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात. आमच्या बाईंनी त्या वर्षी नवीन नंबर लावलेच नाहीत, आठवीचेच ठेवले. म्हणाल्या, संप मिटला की येतील पोरं, नंबर कशाला बदलायचे. रोज हजेरी घेताना सात, आठ म्हणायच्या आणि नऊला थांबायच्या. कोणी हजर म्हणायचं नाही. मग दहा. चौदा वेळा असं थांबायच्या, आणि आमचा अख्खा दंगेखोर वर्ग तेवढ्या वेळात चिडीचूप. दिवाळीनंतर ऑफिसातून नवीन हजेरीपट आला, सलग एक ते पंचेचाळीस. माझा एकोणचाळीसचा अठ्ठावीस झाला. बाईंनी अठ्ठावीस म्हटलं आणि माझ्या तोंडून हजर निघेना, रडायलाच आलं.

माझ्या बाकावरची मैत्रीण त्या चौदांतली. आठवीच्या निकालाच्या दिवशी शिवणाच्या तासाचा टाक्यांचा रुमाल माझ्याकडे देऊन गेली, तुझ्याकडे ठेव, जूनला पुरा करते. साखळी टाका पूर्ण झालाय, गाठीचा टाका अर्ध्यावर आहे, सुई अजून तशीच अडकवलेली. गंजून कापडाला डाग पडलाय तिथे.

तुमच्या वर्गाबद्दल लिहा. विशेषतः जे मधेच गेले त्यांच्याबद्दल. मला खूप ऐकायचंय.

कर्जत स्लो
ताई, ट्रेनमध्ये उभ्याने वाचलं. गाठीचा टाका वाचून घशात काहीतरी आलं. घरी जाऊन लिहितो.

खानावळीची लेक
करी रोड. आईची खानावळ होती, बारा मेंबर जेवायला, सगळे गिरणीतले, सगळे गाववाले. संपात सहा महिने उधारीवर जेवले मग एकेक गावी गेले. कोणी बुडवायचं म्हणून नाही बुडवले हो, नव्हतेच त्यांच्याकडे. आईने अन्नपूर्णा महिला मंडळातून बँकेचं कर्ज घेतलेलं, प्रेमाताई पुरव यांचं मंडळ, आमच्यासारख्या खानावळवाल्या बायांसाठीच ७५ साली सुरू केलेलं. त्या कर्जाचा हप्ता आईने एकदाही चुकवला नाही, डबे करून फेडला. मी सकाळी चार डबे पोचवून मग शाळेत. त्यातला एक आमच्या विज्ञानाच्या सरांचा. सर वर्गात मला कधीच डब्याचं काही बोलले नाहीत, पण डबा परत यायचा तो कायम घासलेला आणि आत कधी खडू, कधी वहीचे कोरे कागद. आत्ता लिहिताना कळतंय ते कोरे कागद का असायचे. आमच्यातले किती गळले मोजलं नाही, मोजायला पाहिजे होतं. कुकर झाला, येते.

परळ टू पनवेल
खडूचा डबा!! काय माणसं होती.
आमच्याकडे ईबीसीचे, म्हणजे फी-माफीचे, फॉर्म भरायला सर स्वतः चाळीत यायचे, उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं ते वडिलांना समजत नव्हतं कारण उत्पन्नच नव्हतं.

पाटणचा मुंबईवाला
मी गेलेल्यांतला आहे. ताईंच्या शाळेतला नाही, परळचा, पण तसाच मे ८२ ला गावी गेलो तो गेलोच. शाळेचा दाखलाही काढला नव्हता, वडील म्हणाले येणारच आहोत परत. आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा, हायस्कूल बाजारच्या गावी, पाच किलोमीटर, पावसाळ्यात ओढा आला की तीनच दिवस आठवड्याचे भरायचे. हेडमास्तरांनी दाखला नसताना वर्गात बसवून घेतलं. म्हणाले कागद येईल तेव्हा येईल, पोराचं वर्ष कुठून आणायचं.

वर्गात अठ्ठावीस जण. मला नावाने कोणी हाक मारायचं नाही, 'ए मुंबई'. पहिल्या दिवशी मी बूट घालून गेलो, बाकी सगळे अनवाणी किंवा स्लीपर. दुसऱ्या दिवसापासून मीपण बूट दप्तरात. पण पोरं चांगली होती. भाताची लावणी आली की अर्धा वर्ग शेतावर, मग आम्ही जे शाळेत असू त्यांनी बाकीच्यांच्या वह्या उतरवायच्या, असं ठरलेलंच होतं, कोणी सांगायला लागायचं नाही. मी लावणीत कधी गेलो नाही कारण मला येत नव्हती, म्हणून माझ्याकडे सगळ्यात जास्त वह्या. चार वह्या उतरवून भूगोल पाठ झाला माझा. त्या भूगोलातच मला दहावीला सगळ्यात जास्त मार्क. ८५ ला बोर्डाला बसलो, आमचे अकरा पास झाले. निकाल लागला त्या संध्याकाळी नापास झालेले सतरा पण आमच्याबरोबर देवळात आले, गूळ वाटला सगळ्यांनी मिळून. ८६ ला मी परत मुंबईला आलो, काकांकडे, कुरिअरच्या कामाला.

परळच्या शाळेत माझा नंबर ३१ होता. चव्वेचाळीस वर्षात कधी डोक्यात आलं नाही की आपण गेल्यावर तिथे कोणी एकतीसला थांबलं असेल. आमच्या बाई थांबल्या असतील का माहीत नाही. पण तुमच्या थांबल्या हे वाचून बरं वाटलं, इतकंच लिहायचं होतं, जरा लांबलं.

गॅलरीतली कुंडी
दादा, लांबलं नाही. तुमच्यासाठीच धागा काढला असं झालं बघा.

कर्जत स्लो
आलो घरी. आमची शाळा कर्जतलाच, पाचवी ते दहावी तीच शाळा तीच पोरं, गळती अशी नाही झाली. एकजण नववीत घरातून पळून गेला आणि चार दिवसांनी भिवपुरी स्टेशनवर सापडला, दोन स्टेशनं पण नाही, एकच. आम्ही सगळे त्याला आणायला गेलेलो सरांबरोबर. सरांनी मारलं नाही, स्टेशनबाहेर भजी खायला घातली. तो आता रेल्वेतच आहे.

नवी मुंबईची आजी
कोणाला माहीत आहे का, शाळाच बंद झाली असेल तर दाखल्याची दुसरी प्रत कुठे मिळते? धाग्याचा विषय नाही पण बाक नेले वाचून आठवलं. माझ्या मिस्टरांचा दाखला पुरात गेला.

परळ टू पनवेल
आजी, शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसात चौकशी करा. माझ्या भावाचं असंच होतं, रेकॉर्ड कुठल्या शाळेकडे गेलंय ते तिथे कळलं त्याला. दहावीच्या मार्कशीटची प्रत हवी असेल तर वाशीला बोर्डाचं ऑफिस, तुम्हाला जवळच आहे.

नवी मुंबईची आजी
धन्यवाद बाळा. सोमवारी पाठवते ह्यांना.

कुर्ल्याची
पूर म्हटल्यावर लिहायलाच हवं. २६ जुलै २००५, मंगळवार, मी नववी. तीनच्या सुमारास मैदानात पाणी दिसायला लागलं, चारला तळमजल्याचे वर्ग गेले. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आता सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा आम्हाला फक्त एवढंच कळत होतं की जिन्याची पायरी एकेक कमी होतेय. पाचवी पायरी गेली, सहावी गेली. आम्ही मोजत बसलेलो.

रात्रभर दुसऱ्या मजल्यावर. दिवे गेलेले. आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी खाली काहीच वाचवलं नव्हतं, स्वतःची पर्सपण नाही, हजेरीपट तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर आणला होता. आणि दर तासाला मेणबत्तीवर हजेरी घ्यायच्या. तेव्हा आम्ही वैतागलो होतो, झोपू देत नाहीत म्हणून. कोणी पाणी बघायला खाली उतरलं का, हे बघत होत्या हे नंतर कळलं. पहाटेपर्यंत निम्मी मुलं झोपेतच हजर म्हणत होती. पोरंपोरी आमच्याकडे एकमेकांशी बोलायची नाहीत, त्या रात्री पार्लेजीचे पुडे मोजून वाटले, एकाला तीन, आणि ज्या मुलाशी मी पाचवीपासून एक शब्द बोलले नव्हते त्याने त्याचं तिसरं बिस्कीट माझ्या लहान भावाला दिलं, भाऊ पाचवीत होता आणि रडत होता. सकाळी पप्पा छातीएवढ्या पाण्यातून आले. त्यानंतर दहावी संपेपर्यंत आमच्या वर्गात कधी भांडण झालं नाही, खरंच सांगते.

त्या मुलाचं घर मिठी नदीकाठी होतं. ते लोक नंतर कुठे गेले कळलं नाही. दहावीच्या फोटोत तो नाहीये.

खानावळीची लेक
बाई लोकांना हजेरीपटाचं काय होतं गं... दोन्ही बाई एकाच मातीच्या.

मेघवाडी
आमची मार्च ९३ ची बॅच. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीत काय झालं ते सांगायला नको. माझी शेजारच्या बाकावरची, मराठी माध्यमातच होती आमच्याबरोबर पहिलीपासून, मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क असायचे तिला. जानेवारीनंतर ते लोक मुंब्र्याला गेले. माझी भूमितीची वही तिच्याकडे होती. प्रिलिमच्या आधी तिचे वडील शाळेच्या गेटवर वॉचमनकडे वही देऊन गेले, आत आले नाहीत. घरी उघडून बघितलं तर माझं पायथागोरसचं प्रमेय अर्धवट होतं ते तिने पूर्ण करून, आकृतीला पेन्सिलने नावं देऊन ठेवलेलं. बोर्डाला प्रमेय लिहिताना माझ्या डोळ्यासमोर तिचंच अक्षर. एवढंच.

पाटणचा मुंबईवाला
ताई 🙏

परळ टू पनवेल
शोधा तिला. मुंब्रा लांब नाही. तेव्हा लांब होतं, आता नाही.

मेघवाडी
शोधलंय दोनदा. आडनाव बदललं असणार लग्नानंतर. परत शोधेन.

भूगोल राहिला
मी इथे सगळ्यात लहान असेन. २०२० ची बॅच, भांडुप. आमच्यातलं कोणी मधेच गेलं नाही, आमची दहावीच मधेच गेली. भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. २२ ला जनता कर्फ्यू. पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच. मी रंगीत पेन्सिली टोक करून कंपासमध्ये ठेवल्या होत्या नकाशासाठी, ब्राझीलचा नकाशा डोळे मिटून काढता यायचा मला. इतिहासाच्या पेपरनंतर कोणी कोणाला नीट बाय पण केलं नाही कारण सगळ्यांना वाटलं सोमवारी भेटूच, भूगोलानंतर सगळ्यांनी शर्टवर सह्या करायच्या आणि वडापाव खायला जायचं ठरलं होतं. २९ जुलैला निकाल लागला, घरात मोबाईलवर. भूगोलाला बाकीच्या विषयांची सरासरी दिली. ते मार्क मला अजून माझे वाटत नाहीत.

शर्ट अजून कोराच आहे. आई म्हणते कोणालातरी देऊन टाक, मी देत नाहीये.

कुर्ल्याची
नको देऊस. बोलव सगळ्यांना, आत्ता कर सह्या. सहा वर्षंच तर झालीयत.

खानावळीची लेक
हो रे बाळा, बोलव. वडापाव माझ्याकडून, दादरला छबिलदास गल्लीत या सगळे, मी येते.

कर्जत स्लो
मीपण. किती जण आहात तुम्ही?

भूगोल राहिला
छप्पन्न 😳 ग्रुपवर टाकतो आज. खरंच टाकतो.

गॅलरीतली कुंडी
आत्ताच जेवणं उरकून सगळं वाचलं, डोळे पुसतच. आज परत शाळेवरून गेले. टेम्पोवाला नव्हता, वॉचमन होता. बाक दुसऱ्या शाळेला देणारेत म्हणाला, भंगारात नाही, ते ऐकून जीव भांड्यात पडला. आत जाऊ दिलं नाही पण गेटातून आमचा वर्ग दिसतो, कोपऱ्यातला, खिडकीला गज आहेत तो.

पाटणच्या दादा, तुमच्या एकतीस नंबरवरून फोटो काढून बघितला. मागे बाईंच्या अक्षरात सगळी नावं आहेत, ओळीप्रमाणे. आणि मी इतकी वर्षं नीट बघितलंच नव्हतं, खाली रेघ मारून बारीक अक्षरात आणखी एकवीस नावं लिहिलीयत. माझ्या मैत्रिणीचं पण आहे, नऊ नंबर, पुढे गावाचं नाव, राजापूर तालुका. मुलगा म्हणतोय मे महिन्यात गाडी काढू. रुमाल बरोबर नेते.