तीन कोटेशन, तीन आकडे... जुन्या फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं बजेट धरायचं कसं?

शर्वरी_के

नमस्कार मंडळी, कोथरूडला आईबाबांचा टूबीएचके आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही, बिल्डिंग १९९२ची, कार्पेट ६२० स्क्वेअर फूट. दोन्ही बाथरूम, किचन, वायरिंग, रंग आणि जमलंच तर हॉल-बेडरूमची फरशी (सध्या मोझॅक आहे) एवढं करायचंय. तिघांकडून कोटेशन घेतली. पहिला म्हणतो १४५० रुपये स्क्वेअर फुटाने लावू, म्हणजे ९ लाख. दुसऱ्याने व्हॉट्सॲपवर एका ओळीत "६.४० लाख सगळं धरून" पाठवलं. तिसऱ्याची चार पानी यादी, ११.२० लाख, जीएसटी वेगळा. आमची उडी ८ पर्यंत. बाबा म्हणतात दुसऱ्याला देऊन टाक, माणूस सरळ वाटतो. एकाच घराच्या कामात एवढा फरक कसा काय? सोसायटीत रिडेव्हलपमेंटच्या गप्पाही अधूनमधून चालू असतात, पण त्या काय सगळीकडेच असतात म्हणा.

साइटवरचा

ताई, तीन आकडे तीन वेगवेगळ्या कामांचे आहेत, म्हणून जुळत नाहीत. रिनोव्हेशनला कार्पेटवर स्क्वेअर फुटाचा रेट लावणं हाच मुळात घोळ, कारण पैसे जमिनीला नाही, भिंतींना लागतात. तुमचं एक बाथरूम समजा ७ बाय साडेचार आहे. जमीन किती, तर साडेएकतीस फूट. पण भिंतीला ७ फुटांपर्यंत टाइल लावली की २३ फूट घेर गुणिले ७ म्हणजे १६१, त्यातून दरवाजा वजा केला की १४३ उरतात. जमीन धरून १७५, वर कटिंग-तुटफूट दहा टक्के, म्हणजे एका बाथरूमला १९० च्या वर टाइल. दोन्ही बाथरूमची मिळून पावणेचारशेच्या पुढे! रंगाचंही तेच, १० बाय १२ च्या खोलीला भिंती आणि सिलिंग मिळून पाचशे फूट सहज होतात.

म्हणून आधी स्वतः टेप घेऊन मोजा आणि खोलीवार यादी करा. मग तीच यादी तिघांना द्या आणि प्रत्येक ओळीपुढे रेट भरायला सांगा. दुसऱ्याला हे नक्की विचारा: टाइलचा बेसिक रेट, म्हणजे नुसत्या टाइलची दुकानातली स्क्वेअर फुटाची किंमत, किती धरलाय? त्याने ४५ धरला असेल आणि तुम्ही दुकानात ८५ ची पसंत केली तर ३८५ फुटांना १५,४०० वर जातात, आणि ते "एक्स्ट्रा" म्हणून शेवटी येतात. तोडफोड कुणाकडे, राडारोडा कुणी उचलायचा, सिमेंटच्या गोण्या आणि टाइलचे बॉक्स दोन मजले वर चढवायची मजुरी कुणाची, नळ-शॉवर-कमोड त्याचे की तुमचे, वॉटरप्रूफिंग नक्की कसलं... एका ओळीच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नसतं. माणूस सरळ असेलही, कोटेशन सरळ नाहीये.

तिसऱ्याचंही नीट बघा. मटेरियलसकट कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ११.२० चे १३.२० च्या पुढे जातात. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या ठेकेदाराला रजिस्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे तुलना करताना जीएसटी धरूनच आकडे समोरासमोर ठेवा.

अलकामावशी

शर्वरी, मोझॅक अजिबात काढू नकोस गं! नव्वदच्या सुमाराची मोझॅक जाड आणि दणकट असते, मशीनने तीन-चार हात घासून पॉलिश करून घे, आरशासारखी होते. फरशी काढायची म्हटलं की तोडणं, राडारोडा, खालचा सिमेंट-वाळूचा थर, नवीन फरशी, स्कर्टिंग, दरवाजे खालून कापणं, हे सगळं एकामागून एक येतं. आमच्याकडे नुसतं पॉलिश केलं आणि उरलेल्या पैशात किचनचा ओटा आणि ट्रॉल्या झाल्या. फक्त एक, घासताना जो चिखल होतो तो बाथरूमच्या जाळीत जाऊ देऊ नका, पाइप कायमचा तुंबतो.

निखिल_पिंपरी

मोझॅकवरच नवीन टाइल चिकटवायची की, टाइल ॲडेसिव्हने होतं, तोडफोडच नाही. बाथरूमला पण तसंच करा, निम्म्या खर्चात काम.

साइटवरचा

हॉलला ठीक आहे, दरवाजे कापायची तयारी असेल तर. बाथरूमला नको. ३० वर्षांच्या बिल्डिंगमध्ये प्रॉब्लेम टाइलच्या खाली असतो, जीआयचे (लोखंडी) पाइप आतून गंजलेले, नहाणी ट्रॅपचा (जमिनीतल्या जाळीखालचा) जॉइंट सुटलेला, कोबा (टाइलखालचा थर) पाणी पिऊन बसलेला. वरून टाइल मारली की तो फक्त झाकला जातो. शर्वरीताई, बजेट धरायच्या आधी पहिल्या मजल्यावाल्यांकडे जाऊन तुमच्या बाथरूमखालचं त्यांचं सिलिंग बघून या. ओल असेल तर कोब्यापर्यंत खणावंच लागणार, आणि तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये मनापासून धरलेला नसतो. नवीन वॉटरप्रूफिंगवर टाइल बसवायच्या आधी पाणी भरून किमान ४८ तास ठेवायचं, खाली उतरलं नाही तरच पुढचं काम. जुन्या घराला १५ टक्के बाजूला काढून ठेवा, म्हणजे ८ असतील तर कामं पावणेसातचीच ठरवा.

सोसायटीचा_सेक्रेटरी

सगळे टाइलवर बोलतायत, रिडेव्हलपमेंट मात्र तिने शेवटच्या ओळीत सांगितलंय. माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे. नुसत्या गप्पा आहेत की जनरल बॉडीत काही ठराव झालाय?

शर्वरी_के

आजच विचारलं. मागच्या एजीएममध्ये पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमायचं ठरलं, पुढे काही नाही, दोन बिऱ्हाडं ठाम विरोधात. आणि हो, खालच्या काकूंच्या बाथरूमच्या सिलिंगला ओल आहे, त्या म्हणाल्या "सांगणारच होते" :(

सोसायटीचा_सेक्रेटरी

मग अजून वेळ आहे. शासनाच्या जुलै २०१९ च्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरते, त्यामुळे दोन बिऱ्हाडांच्या विरोधाने काम अडणार नाही. पण फीजिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, डेव्हलपरची निवड, प्लॅन मंजुरी यात वर्षं जातात. तोपर्यंत आईबाबांना तिथेच राहायचंय. म्हणून जे गळतंय आणि जे धोक्याचं आहे तेवढंच करा: दोन्ही बाथरूम, पाइप, वायरिंग. फॉल्स सिलिंग, भिंतीत बसवलेलं फर्निचर, महागडी फरशी, हे सगळं उद्या राडारोड्यातच जाणार. किचनला ट्रॉल्या अशा करून घ्या की सुट्या करून नेता येतील. काम सुरू करायच्या आधी सोसायटीला पत्र द्या, बहुतेक ठिकाणी डिपॉझिट घेतात, तेही बजेटमध्ये धरा.

अलकामावशी

आणि उचल किती देणार ते आधी लिहून घे. सुरुवातीलाच निम्मे दिले की माणूस दुसऱ्या साइटवर आणि फोन बंद. काम झालं तेवढे पैसे, शेवटचे दहा टक्के महिनाभर बाथरूम वापरून झाल्यावर.

शर्वरी_के

फरशी रद्द, पॉलिश नक्की. रविवारी भाऊ आणि मी टेप घेऊन मोजणार आणि यादी करून तिघांनाही पाठवणार. बाबांच्या दुसऱ्या माणसाला बेसिक रेट विचारला तर म्हणाला "ते आपण बघून घेऊ". @साइटवरचा, वायरिंगला पॉइंटप्रमाणे रेट घ्यायचा की उक्तं द्यायचं?

साइटवरचा

पॉइंटप्रमाणे. पण पॉइंट म्हणजे काय ते ठरवून घ्या, कुणी स्विच आणि सॉकेट मिळून एक धरतो, कुणी दोन. एसी आणि गीझरला ४ एमएमची वेगळी लाइन, ती पॉइंटमध्ये धरत नाहीत, वायरच्या लांबीवर मीटरप्रमाणे लावतात. वायर तुम्ही स्वतः आणा, बिल घ्या.