नवीन फीचरची टूर सगळे पूर्ण करतात, फीचर मात्र कोणी वापरत नाही

इतवारी_बिलिंग
आमचं ब्राउझरवरचं बिलिंग सॉफ्टवेअर नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या होलसेल दुकानांत चालतं. यावेळी ग्राहकवार उधारीची मर्यादा टाकली. लॉगिन केलं की ९ पायऱ्यांची टूर उघडते, म्हणजे नवीन फीचर कसं वापरायचं ते स्क्रीनवर एकेक चौकट दाखवत सांगणारी; ड्रायव्हर जेएस या तयार जावास्क्रिप्ट लायब्ररीवर बनवलेली. रिपोर्टमध्ये टूर बहुतेकांनी पूर्ण केलेली दिसते, पण मर्यादा भरलेली खाती अगदी मोजकी. वरून काही दुकानांत टूर रोज सकाळी पुन्हा उघडते. असं काऊन होऊन राहिलं?

कळमना_कोड
काउंटरवर बारकोड स्कॅनर आहे का भाऊ? संगणकाला स्कॅनर कीबोर्डच वाटतो, आणि कोड संपला की बहुतेक स्कॅनर एंटर पाठवतात. फोकस (दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा) 'पुढे' बटणावर असेल तर तेलाचा डबा स्कॅन केला की टूर एक पायरी सरकते आणि डबा बिलात येतच नाही. ९ डब्यांत टूर 'पूर्ण'! लॉगमध्ये दोन पायऱ्यांमधला वेळ काढा. दीड-दोन सेकंदांचा असेल तर कोणी काही वाचलेलं नाही.

बिलाच्या स्क्रीनवर टूर आपोआप उघडूच नका. मर्यादा मालक ठरवतो, मुनीम नाही. म्हणून ज्याला तो अधिकार आहे त्यालाच, आणि ग्राहकाचं खातं उघडल्यावरच दाखवा. ३ पायऱ्या पुष्कळ झाल्या: रकमेची चौकट, मर्यादा ओलांडली तर नुसता इशारा की बिल अडवणं, सेव्ह. 'पुढे' बटण काढून टाका. रक्कम भरली की पायरी सरकेल. सेव्हला सर्व्हरचं उत्तर आलं तरच 'पूर्ण' मोजा.

फ्रंटएंड_धरमपेठ
रोज उघडते म्हणजे 'पाहिलं'ची नोंद लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्या संगणकावरच्या ब्राउझरच्या साठ्यात असणार. ब्राउझर बंद होताना डेटा पुसायची सेटिंग असली की ती जाते. सर्व्हरवर युजर आयडी आणि टूरचा आवृत्ती क्रमांक ठेवा.

टूरच्या पायऱ्या सीएसएस क्लासवर (घटकाच्या दिसण्यासाठी दिलेल्या नावावर) टांगू नका, पुढच्या रिलीजला नाव बदललं की गेली. प्रत्येक जागेला फक्त टूरसाठी वेगळं डेटा-टूर अ‍ॅट्रिब्यूट द्या. तो घटक सापडला नाही तर ड्रायव्हर जेएस टूरची चौकट स्क्रीनच्या मधोमध दाखवतं, मग 'इथे रक्कम भरा' म्हणजे कुठं? यादी उशिरा लोड होत असेल तर २-३ सेकंद थांबा, नाही आली तर टूर गुपचूप बंद करून लॉग करा. टूरच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नका, ओळीची उंची १.६ ठेवा, नाहीतर मराठीच्या वेलांट्या-उकार कापले जातात.

इतवारी_बिलिंग
स्कॅनर सगळीकडे आहेत, लॉग काढतो. पण बऱ्याच दुकानांत मालक-मुनीम मिळून एकच लॉगिन राहते. तिथं?

कळमना_कोड
तिथं टूर नकोच. बिलानंतर बाकी वाढली की खाली एक ओळ द्या: 'या ग्राहकाची मर्यादा ठरलेली नाही – ठरवा'. फोकस घेणार नाही अशी. दाबली तर त्या ३ पायऱ्या. आणि मदतीच्या मेनूत 'पुन्हा दाखवा' ठेवा, मुनीम बदलला की लागतेच.