सोसायटीतील भटक्या मांजरांना खाऊ घालण्यावरून शेजाऱ्यांशी वाद: मार्ग कसा काढावा?

अंगणवेल

आमची सोसायटी कोथरूडमध्ये पौड रस्त्याच्या आतल्या बाजूस आहे. लिफ्ट नसलेल्या चार जुन्या इमारती, खाली पार्किंग आणि मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा, अशी तिची रचना आहे. त्या मोकळ्या जागेत पूर्वीपासून मांजरांचा वावर आहे आणि मी रोज संध्याकाळी तेथे त्यांना खायला ठेवते. सध्या दोन बोके, तीन भाटी (माद्या) आणि चार वाढती पिल्ले आहेत. ही मांजरे माणसाळलेली नाहीत. मलाही हात लावू देत नाहीत. त्यामुळे निदान मोठ्या मांजरांना घरात घेणे किंवा दत्तक देणे शक्य नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. दुचाकींच्या सीटवर नखांचे ओरखडे पडतात, तळमजल्यावरच्या कुंड्यांत घाण होते, बोके पार्किंगच्या खांबांवर मूत्र फवारतात आणि रात्री भांडतात. मात्र नुकतीच कार्यकारिणीने सूचना फलकावर नोटीस लावली असून, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार भटक्या प्राण्यांना खाणे देण्यास मनाई आहे आणि न ऐकणाऱ्या सभासदास दंड होईल, असे तीत म्हटले आहे. त्याच दिवशी एका सभासदांनी, सगळी मांजरे पोत्यात भरून खडकवासल्याच्या पलीकडे सोडून येऊ, असे सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला.

ज्या काकूंनी माझ्या आईच्या आजारपणात आम्हाला डबा पुरवला, त्या आता जिन्यात समोरासमोर आल्या तरी बोलत नाहीत. मला खटला लढायचा नाही, पण ही मांजरे उपाशी ठेवणे किंवा कुठेतरी नेऊन टाकणे मला अजिबात मान्य नाही. कार्यकारिणीला असा अधिकार आहे का, आणि मी कोणत्या क्रमाने पावले उचलावीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सिंहगडरोडकर

मी आमच्या सोसायटीचा काही वर्षे सचिव होतो, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

आधी नोटिशीविषयी. सर्वोच्च न्यायालयाचा २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणातील आहे. त्यात रस्त्यांवर कुत्र्यांना खायला घालण्यास मनाई आहे आणि त्याचबरोबर महापालिकांनी त्यासाठी ठरावीक जागा तयार कराव्यात, असेही सांगितले आहे. मांजरांना सोसायटीच्या आवारात खाणे देण्यावर बंदी घालण्यासाठी तो आधार पुरत नाही. दंडाचे म्हणाल, तर सोसायटीच्या उपविधींनुसार, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांनुसार, सभासदाला कारणे दाखवा नोटीस, त्याची बाजू ऐकून घेणे आणि सर्वसाधारण सभेचा निर्णय अशी पद्धत आहे. फलकावर कागद लावून दंड वसूल करता येत नाही.

तुमच्या उपयोगाचा मजकूर प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यामधील नियम २० मध्ये आहे. हे नियम मुख्यतः कुत्र्यांसाठी असले तरी खाऊ घालण्याबाबतच्या या नियमात ‘सामुदायिक प्राणी’ असा व्यापक शब्द वापरला आहे. आवारात राहणाऱ्या अशा प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संस्थेवर टाकली असून, खाऊ घालणाऱ्या रहिवाशाला त्यात सामील करून घ्यावे, असे तो सांगतो. त्याच वेळी, जागा लहान मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी, वेळ मुले व ज्येष्ठ नागरिक यांची वर्दळ पाहून ठरवावी आणि खाण्याच्या जागी कचरा राहू नये, हेही तो बजावतो. म्हणजे हा नियम जेवढा तुमच्या बाजूचा आहे, तेवढाच तो तुमच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणारा आहे. एकमत झालेच नाही, तर मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेचे प्रतिनिधी, तक्रारदार आणि सोसायटीचे प्रतिनिधी अशा समितीकडे हा वाद नेण्याची तरतूदही त्यात आहे.

पोत्याच्या सूचनेला मात्र तुम्ही लेखी हरकत घ्याच. प्राण्याला यातना होतील अशा रीतीने कोंबून नेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि उद्या कोणी विष घातले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. पत्र शांत शब्दांत लिहा आणि कोणाचेही नाव घेऊ नका.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीतील फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरे असल्याची बातमी आली आणि महापालिकेने तेथे नोटीस बजावली. तेव्हापासून ‘मांजरांना खायला घालणारे’ म्हटले की अनेक कार्यकारिणींच्या डोळ्यांसमोर तेच चित्र उभे राहते. तुमच्या शेजाऱ्यांना आजच्या नऊ मांजरांपेक्षा पुढच्या वर्षीच्या संख्येची भीती वाटत असावी. ती भीती कायद्याची कलमे वाचून दाखवून जाणार नाही. मांजरांची नसबंदीची शस्त्रक्रिया झाल्याची कागदपत्रे दाखवूनच जाईल.

तळमजला

मी अशाच वादात तक्रार करणाऱ्या बाजूला होते, म्हणून लिहिते. माझा मांजरांवर राग नाही. माझ्या खिडकीखालच्या मातीत रोज घाण पडे, खिडकी उघडली की वास येई, आणि खाऊ घालणाऱ्या ताई चौथ्या मजल्यावर राहत असल्यामुळे त्यांना तो वास कधी येतच नसे. मी बोलले की उत्तर मिळे, ‘मुके प्राणी आहेत हो, त्यांना काय कळते?’ अशा उत्तराने माणूस अधिक दुखावतो, कारण प्रश्न प्राण्यांना विचारलेला नसतो.

आमच्याकडे पुढे ताईंनी मागच्या भिंतीपाशी मोठ्या उथळ घमेल्यांत वाळू ठेवली, ती रोज सकाळी साफ करू लागल्या, आणि माझ्या कुंड्यांच्या मातीवर जाड खडीचा थर स्वतः येऊन घातला. मांजरांना उकरायला सैल माती लागते. खडी असली की ती तेथे बसत नाहीत. माझी तक्रार तेथेच संपली. त्या काकूंच्या घरी जाऊन तुम्ही विचारा की त्यांना नेमका कशाचा त्रास होतो. ग्रुपवर विचारू नका, समक्ष जा.

पशुवैद्यांपैकी कोणी येथे असल्यास माझी एक शंका आहे. घरात गरोदर सून असताना मांजरांच्या विष्ठेची जी भीती घातली जाते, तिच्यात तथ्य किती?

पाषाण

एवढे सगळे करण्यापेक्षा खायला घालणे बंद करावे. खाणे नसले की मांजरे आपोआप निघून जातात.

पशुवैद्य

मी पुण्यात छोट्या प्राण्यांचा दवाखाना चालवते. शेवटच्या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देते.

खाणे थांबवल्याने मांजरे निघून जात नाहीत. मांजर आपल्या ठरलेल्या हद्दीला घट्ट धरून असते. उपासमार झाली तरी ती कचऱ्याचे डबे, उंदीर आणि स्वयंपाकघराच्या उघड्या खिडक्या यांवर जगत तेथेच राहते, फक्त आजारी आणि अधिक त्रासदायक होते. सगळी उचलून नेली, तरी रिकाम्या झालेल्या जागेत आसपासची नवी मांजरे येतात आणि ती शस्त्रक्रिया न झालेली असल्याने पुन्हा पिल्ले होतात. दूर सोडलेले मांजर अनोळखी हद्दीत बहुधा तग धरत नाही. मात्र पाषाणकरांच्या म्हणण्यामागे एक खरी गोष्ट आहे: शस्त्रक्रिया न करता नुसते खाऊ घालत राहिले, तर संख्या वाढतेच. भाटी चार ते सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, एका वेतात सहसा तीन ते पाच पिल्ले होतात आणि अंगावर पिणारी पिल्ले असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. अंगणवेल, तुमची वाढती पिल्ले लवकरच त्या वयात येतील. त्यामुळे पत्र, सभा, समिती हे सर्व समांतर चालू द्या, परंतु शस्त्रक्रियांना आजपासून लागा. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे आणि प्राणीकल्याण संस्थांकडे चौकशी करा. खासगी दवाखान्यातही अनेकदा भटक्या प्राण्यांसाठी कमी दर लावतात.

क्रमाचे विचाराल, तर आधी भाटी आणि मग बोके घ्या, कारण एक बोका उरला तरी तो अनेक भाटींना पुरतो. बोक्यांची मात्र फार दिवस टाळाटाळ करू नका. मूत्र फवारणे, रात्रीचे ओरडणे आणि मारामाऱ्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत बऱ्याच कमी होतात, आणि शेजाऱ्यांना सर्वांत आधी जाणवणारा फरक तोच असतो. भूल दिलेली असतानाच रेबीजची लस द्यायला सांगा आणि डाव्या कानाचे टोक किंचित कापून घ्या, म्हणजे कोणत्या मांजराची शस्त्रक्रिया झाली आहे हे लांबूनही ओळखता येते. प्रत्येक मांजराचे छायाचित्र आणि दवाखान्याचा कागद एका फाइलमध्ये लावून सचिवांना प्रत द्या.

आता गरोदरपणातल्या शंकेविषयी. ती भीती टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाची असते. संसर्ग झालेले मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून हे परजीवी बाहेर टाकते, आणि ते बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोज उचलणे हीच खरी काळजी आहे. गरोदर स्त्रीने ती साफ करू नये, कुंड्यांत काम करताना हातमोजे घालावेत, भाज्या धुवाव्यात आणि मांस नीट शिजवावे, कारण अर्धकच्च्या मांसातूनही हा संसर्ग होतो. आवारात मांजर दिसणे हे घाबरण्याचे कारण नाही. चावा किंवा ओरखडा मात्र कधीही हलक्यात घेऊ नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

खाण्याविषयी एवढेच, की दूध देऊ नका, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही आणि हगवण लागली की तक्रारी आणखी वाढतात. ठरलेल्या वेळी कोरडे खाद्य किंवा उकडलेले चिकन ठेवा, अर्ध्या तासाने उरलेले उचला. रात्रभर पडलेल्या अन्नावर घुशी येतात आणि त्यांचा दोषही मांजरांच्याच माथी येतो.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. कार्यकारिणीला द्यायच्या पत्राचा मसुदा तयार केला आहे आणि खाण्याची जागा त्याच मोकळ्या जागेत पार्किंगपासून आणखी दूर, मागच्या भिंतीच्या टोकाला नेण्याचा प्रस्ताव त्यात घातला आहे. काकूंकडे काल जाऊन आले. त्यांचा मुख्य त्रास मुलाच्या नव्या गाडीच्या सीटचा आहे, हे मला आतापर्यंत ठाऊकच नव्हते. जाड कव्हर मी आणून देते म्हटले, त्यांनी नको म्हटले, पण चहा केला.

एक अडचण उरली आहे. सर्वांत मोठी भाटी पिंजरा पाहिला की पळते. तिला कसे पकडावे?

पशुवैद्य

पिंजरा लगेच लावू नका. काही दिवस त्याचे दार उघडे बांधून ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि रोजचे खाणे आधी त्याच्या तोंडाशी, मग आत, शेवटी अगदी मागच्या टोकाला ठेवा. ती निर्धास्त आत जाऊ लागली की दवाखान्याची वेळ ठरवा, आदल्या संध्याकाळी खाणे देऊ नका आणि पहाटे वर्दळ सुरू होण्याआधी दार लावण्याची कळ जोडून सुक्या बोंबलासारखे वासाचे काही आत ठेवा. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधार झाला की मांजर धडपड थांबवते. एक तपासणी विसरू नका: पोटाखाली केस विरळ आणि सड ओले दिसले, तर तिची पिल्ले कुठेतरी लपलेली असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास तिला अडकवून ठेवू नका, आधी पिल्ले शोधा आणि मला येथे कळवा.