मदत हवी आहे: आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नेमक्या कोणत्या पलटणीत होते?

नमस्कार मंडळी,

आमचे आजोबा पौषात गेले. वयाची शंभरी ओलांडली होती. वर्षश्राद्धाला भावकीतल्या प्रत्येक घरी त्यांच्या आयुष्यावरची एक छोटी पुस्तिका द्यायची, असं आम्ही नातवंडांनी ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. शेती, घर, आम्ही सगळी, एवढं लिहून झालं. लढाईची वर्षं मात्र अडून बसलीत.

गाव कुंडलच्या बाजूचं. आता सांगली जिल्हा, तेव्हा सातारा. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते, भरती बेळगावला झाली आणि १९४६ साली ते घरी आले, एवढं पक्कं आहे. त्यांचं डिस्चार्ज बुक ट्रंकेत होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ट्रंक दोन दिवस पाण्याखाली होती. नाव, गाव आणि शेवटचा शिक्का वाचता येतो. पलटणीचा आकडा आणि भरतीची तारीख ज्या पानावर होती त्याचा लगदा झालाय. तोवर आजोबांना ऐकू येणंही जवळजवळ बंद झालं होतं.

ते जे तुकड्या-तुकड्यांनी सांगायचे त्यातून अंदाज बांधतेय. इराकमधल्या बसऱ्याची धूळ आणि खजूर. इटलीत सांग्रो नावाची नदी, ऐन थंडीत तिला आलेला पूर, वाहून गेलेला पूल आणि पोटापर्यंतच्या चिखलात खेचरं ओढत नेणं. नामदेव जाधवांचं नाव निघालं की "आमच्या पलटणीतला" असंच म्हणायचे. हे सगळं पहिल्या पलटणीशी जुळतं. ती आठव्या डिव्हिजनमध्ये (अनेक पलटणी मिळून झालेल्या मोठ्या तुकडीत) होती, हे डिव्हिजन आधी इराकमध्ये होतं, सांग्रोची लढाई नोव्हेंबर १९४३ ची, आणि शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी.

पण ते केरेनबद्दलही सांगायचे. आफ्रिकेतलं एरिट्रिया, उघडे डोंगर, वरून इटालियन हातबॉम्ब टाकतायत आणि खालून आपली माणसं चढतायत. केरेनला मार्च १९४१ मध्ये तिसरी पलटण लढली. तीच पुढे दहाव्या डिव्हिजनमधून १९४४ साली इटलीत आली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीतले. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे आजोबा केरेनला असतील तर १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रोवर कसे? बदली झाली होती का? की यातलं एक ऐकलेलं?

चुलत्यांचं म्हणणं, दोन्ही लिहून टाक, कोण विचारायला येतंय. मला ते पटत नाही. आजोबांनी आयुष्यभर एक पैसा हिशेबाबाहेर ठेवला नाही. त्यांच्या नावावर न लढलेली लढाई चढवण्यापेक्षा मी पान कोरं सोडेन.

ते आजोबा म्हणून कसे होते हे थोडं सांगते, म्हणजे हा अट्टाहास का ते कळेल. पहाटे पाचला बंब पेटवायचे. घरातल्या शेवटच्या माणसाची आंघोळ होईपर्यंत तो विझू द्यायचे नाहीत. रविवारी अंगणात पोतं टाकून घरातल्या सगळ्यांची पायताणं पुसायची, शिवायची, ओळीनं मांडायची. त्यात सुनांच्याही चपला असायच्या. सासऱ्यानं सुनेच्या चपलेला हात लावायचा म्हणजे काय, असं गावात बोललं जायचं. ते म्हणायचे, "पाय सगळ्यांचेच चालतात." धाकट्या भावाचा पाय मोडला तेव्हा सत्तरीतला हा माणूस त्याला पाठीवर घेऊन शाळेत सोडायचा आणि सुटेपर्यंत वडाखाली बसून राहायचा. मला मिरजेला नर्सिंगला जायचं होतं, घरात कुणी तयार नव्हतं. आजोबांनी कुणाशी वाद घातला नाही. दुभती म्हैस विकली, पैसे माझ्या हातात ठेवले आणि माझी पेटी उचलून एसटी स्टँडवर जाऊन उभे राहिले.

आणखी एक गोष्ट विचारायची आहे, ती जास्त नाजूक आहे. आजोबा इटलीत होते तेव्हा इकडे आमच्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. कुंडल तर त्याचं केंद्र. जून १९४३ मध्ये शेणोलीला रेल्वे लुटली गेली, त्यातली माणसं आमच्या पंचक्रोशीतली. गावात सत्कार व्हायचे ते स्वातंत्र्यसैनिकांचे, आणि व्हायलाच हवे होते. आजोबा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. इंग्रजांच्या फौजेत होतो हे ते गावात फारसं बोलत नसत आणि पदकं त्यांनी कधी लावली नाहीत. पेन्शनइतकी नोकरी झाली नव्हती, त्यामुळे तोही कागद घरात नाही. पुस्तिकेत हे कसं मांडावं? लपवायचं नाही, आणि कुणाचा मान कमीही करायचा नाही.

पदकं चार आहेत: दोन चांदणीच्या आकाराची, दोन गोल. फिती कुजल्यात.

प्रतिसाद

ताई, आजोबांना सॅल्यूट. मी याच रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. चांदण्या हातात घ्या. महायुद्धाच्या सगळ्या स्टारचा आकार एकच, सहा टोकांचा, पण मधल्या राजमुकुटाच्या चिन्हाभोवती जी गोल पट्टी असते तिच्यावर इंग्रजीत स्टारचं नाव कोरलेलं असतं. घासू नका, मऊ ब्रश फिरवा आणि उजेडात तिरपं धरून वाचा. केरेनला लढलेल्याला आफ्रिका स्टार लागू होता. तो नसेल तर केरेन त्यांचं नव्हे. शिवाय बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका जुन्या जिल्ह्यासकट लिहा आणि 'लाँग रोल'मधली, म्हणजे शिपायांच्या जुन्या नोंदवहीतली, नोंद मागा. सर्व्हिस नंबरचे दोन-चार आकडे दिसत असतील तर तेही द्या. सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही आजोबांची किंवा आजींची जुनी नोंद निघू शकते.

प्रतिसाद

पलटणींच्या युद्ध दैनंदिन्या लंडनमधल्या किऊच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.  एक आधीच सांगतो, त्यात नावं बहुधा अधिकाऱ्यांचीच येतात, साध्या शिपायाचं क्वचितच. पण कोणत्या दिवशी पलटण कुठे होती, पाऊस किती, पूल कधी वाहून गेला, हे मिळतं. आजोबांच्या आठवणी त्याच्याशी ताडून पाहता येतील.

प्रतिसाद

माझे पणजोबा प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते आणि त्यांचे सख्खे भाऊ ब्रह्मदेशात फौजेत. आमच्याकडे दोघांचे फोटो एकाच भिंतीवर आहेत. भरती होणारा पोरगा दुष्काळी पट्ट्यातला, घरात खाणारी तोंडं दहा आणि पगाराची मनीऑर्डर महिन्याला येणार. हे कारण सरळ लिहा. आणि त्यांची फौज लढली ती मुसोलिनी-हिटलरच्या विरुद्ध, तेही लिहा. मागच्या रांगेतल्या टाळ्यांचं तर नक्की लिहा, आमच्यासारख्या घरांना ते वाचायला आवडेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. एका चांदणीवर '१९३९-४५ स्टार', दुसरीवर 'इटली स्टार'. गोल पदकांपैकी एकावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह आहे, म्हणजे ते वॉर मेडल. आफ्रिका स्टार नाही.

प्रतिसाद (सुभेदार काका)

मग बहुतेक पहिलीच पलटण, ताई. रेकॉर्डचं उत्तर येईपर्यंत 'बहुतेक' ठेवा. केरेनचं म्हणाल तर बेळगावला रंगरुटाला उस्ताद ज्या लढाया सांगतात त्या तो जन्मभर आपल्याच मानतो. मीही नातवाला केरेन सांगतो, आणि माझा जन्म १९५८ चा.

धागाकर्ती

काका, हे वाचून घरात सगळ्यांना बरं वाटलं. केरेनची गोष्ट ठेवतेय, 'आजोबा सांगत असलेल्या रेजिमेंटच्या गोष्टी' या वेगळ्या भागात. बेळगावचं पत्र उद्या पोस्टानं जाईल. आता एकच विनंती: किऊला जाणं-येणं असलेलं कुणी इथे असेल, तर पहिल्या पलटणीच्या नोव्हेंबर-डिसेंबर १९४३ आणि एप्रिल १९४५ च्या पानांचे फोटो हवे आहेत. खर्च मी देईन. पुस्तिका मार्गशीर्षात छापायला द्यायची आहे.